इरजणातली लढाई

आमच्या उदगीरकडं विरजणाला इरजण म्हणतात. दही लागलं नाही की माय वाटी घेऊन शेजारी जाते, "काकू, थोडं इरजण द्या, आमचं बिघडलंय." घरी बिघडायला दूध जास्त गरम असलं तरी पुरतं. मोठ्या डेअऱ्यांत मात्र दही न लागण्यामागं पुष्कळदा विषाणू असतो. दह्याच्या जिवाणूंना गाठून मारणारा हा विषाणू म्हणजे फाज.

फाज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो. थोड्याच वेळात आत त्याची ढीगभर पिल्लं तयार होतात आणि जिवाणू फुटतो.

जिवाणूही गप्प बसत नाही. त्याच्याकडं डीएनए कापणारी विकरं असतात. स्वतःच्या डीएनएवर तो खुणा करून ठेवतो. बिनखुणेचा दिसला की काप. टी४ नावाच्या फाजनं यावर काय केलं असेल? डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातलं एक अक्षरच आपल्या डीएनएत सगळीकडं बदललं, वर साखरेचा लेप दिला. कात्री लागणार कुठं?

खरी नवलाची गोष्ट २००७ साली दह्याच्याच जिवाणूत, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसमध्ये, सिद्ध झाली. प्रयोगात त्याच्यावर फाज सोडला. जे थोडे जिवाणू तगले, त्यांनी फाजच्या डीएनएचा जेमतेम तीस अक्षरांचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जोडून घेतला होता! शत्रूची अशी नोंद ठेवायची ही यंत्रणा म्हणजेच क्रिस्पर. तोच फाज पुन्हा आला की या तुकड्याची आरएनए प्रत घेऊन कॅस नावाची कापणारी प्रथिनं आलेल्या डीएनएशी जुळणी करतात आणि जुळलं की तोडतात. ही नोंद लेकरांनाही मिळते. नवी नोंद एका टोकाला, जुन्या मागं. वाचत गेलं तर त्या घराण्यावर आधी कोण चालून आलं, नंतर कोण, ते कळतं. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी एवढी आठवण. मला हे आजही थक्क करतं.

फाजला मात्र मोक्याच्या जागचं एक अक्षर बदललं तरी निसटता येतं. काही फाज तर कॅसलाच जखडणारी प्रथिनं बनवतात. ती २०१३ मध्ये सापडली. सगळंच हरलं तर काही जिवाणू फाजची पिल्लं तयार व्हायच्या आत स्वतःला संपवतात, म्हणजे शेजारचे वाचतात.

म्हणून डेअऱ्या एकाच वाणावर विसंबत नाहीत. आज एक इरजण, उद्या दुसरं. सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा पेरतात, तशी फेरपालट.