याकितोरी: ओमाकासे घ्यावा की कोर्स?

तोक्योला येणारे मित्र हल्ली निघायच्या आधीच विचारतात, "याकितोरीचा ओमाकासे खायचाय, किती काड्या येतात त्यात?" याकितोरी म्हणजे काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, आणि ओमाकासे म्हणजे काय खायचं ते भाजणाऱ्यावर सोपवणं. घोळ या प्रश्नातच सुरू होतो. काड्यांचा आकडा ठरलेला असतो तो कोर्समध्ये, म्हणजे ठरावीक किमतीच्या ठरावीक जेवणात. अस्सल ओमाकासेत तो आकडा तुम्ही ठरवता, तोही खाता खाता.

सरमिसळ होणं साहजिक आहे, कारण काउंटरवर बसल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मेनूकार्ड चाळावं लागत नाही. समोरचा माणूस कोंबडीचे तुकडे ओवलेली बांबूची काडी भाजतो, ताटलीत ठेवतो, तुम्ही खाता. त्यातून आपल्याकडे ओमाकासे हा शब्द पोचला तो सुशीबरोबर, आणि सुशीच्या दुकानांत बहुधा रक्कम ठरलेली असते. त्यामुळे ओमाकासे म्हणजे महागडं ठरावीक जेवण, असं डोक्यात बसलं.

शब्दाचा अर्थ साधा आहे. 'माकासेरु' म्हणजे सोपवणं, पुढचा 'ओ' आदराचा. काय खायचं आणि कुठल्या क्रमाने, हे तुम्ही भाजणाऱ्यावर सोपवता. किती खायचं ते मात्र याकितोरीच्या चांगल्या दुकानांत तुमच्याच हाती राहतं. तुम्ही 'सुतोप्पु', म्हणजे स्टॉप, म्हणेपर्यंत एकेक काडी येत राहते आणि बिल झालेल्या काड्यांचं होतं. तोक्योच्या मेगुरो भागात 2007 मध्ये योशितेरु इकेगावा यांनी सुरू केलेलं 'तोरिशिकी' अनेकांना याच पद्धतीमुळे माहीत आहे. पंगतीत नाही का, आपण पानावर हात आडवा धरेपर्यंत वाढपी वाढत जातो, तसंच. फरक एवढाच की इथे आग्रह नसतो. पुरे म्हटलं की पुरे.

कोर्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. किंमत आधी कळते, काड्या मोजून येतात, बरोबर सॅलड, सूप, शेवटी भात. घरचे पाच-सहाजण असतील, मुलं असतील, खर्चाचा अंदाज हवा असेल, तर कोर्सच घ्यावा. एक खबरदारी घ्या. कित्येक दुकानं 'ओमाकासे पाच काड्या' असं लिहितात. नाव ओमाकासेचं असलं तरी तो ठरावीक संचच झाला. शब्दाशेजारी आकडा आहे का, ते पाहावं.

मग ओमाकासे घ्यायचा कशासाठी? माझ्या मते याचं उत्तर कोंबडीच्या शरीरात आहे. एका कोंबडीला हृदय एकच, म्हणजे 'हात्सु'च्या एका काडीला कित्येक कोंबड्या लागतात. शेपटीकडचा चरबीदार 'बोंजिरी'ही एकच. मांडीच्या सांध्यापाशी पाठीला चिकटलेले 'सोरी'चे गोळे दोन. 'चोचिन' तर त्याहून दुर्मीळ. चोचिन म्हणजे कंदील. अजून कवच न धरलेला पिवळाधमक बलक काडीच्या टोकाला लोंबत असतो. तो अख्खा तोंडात घ्यायचा आणि तोंड मिटूनच फोडायचा. असे भाग रोज सगळ्यांना पुरत नाहीत, त्यामुळे कोर्समध्ये त्यांचा भरवसा देणं अवघड. तिथे भर असतो तो मांडीचं मांस, कांद्याच्या पातीबरोबर ओवलेली 'नेगिमा', खिम्याची 'त्सुकुने' यांच्यावर. दुर्मीळ तुकडा कुणाला कधी द्यायचा, हे भाजणारा ठरवू शकतो ते ओमाकासेतच.

आणि तो तुमच्याकडे बघत असतो. एकदा मला पहिल्या दोन काड्या चरबीच्या आल्या, मी दुसरी जरा रेंगाळत खाल्ली. तिसरी आली ती 'सासामी', छातीच्या आतली कोवळी पट्टी, वर वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीचं बोट. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्याने फक्त माझी ताटली पाहिली होती. मध्येच निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडला, धूर उठला, आणि त्याने हातपंख्याच्या दोन फटकाऱ्यांत तो बाजूला सारला. कोळसा 'बिंचोतान', उबामे ओकच्या लाकडाचा, जपानमधल्या वाकायामाकडचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की लोखंडासारखे खणखणतात. 'काड्या ओवायला तीन वर्षं, भाजायला जन्म' असं या धंद्यात म्हणतात. त्याचे हात दोन तास जवळून पाहिल्यावर ते मला पटलं.

सासामी आणि कलेजी मात्र अनेकदा आतून गुलाबीच ठेवतात. कच्च्या कोंबडीने पोट बिघडू शकतं, तेव्हा भीड धरू नका. "योकु याइते कुदासाइ", म्हणजे नीट भाजून द्या, एवढं म्हटलं तरी चालतं. कलेजी, हृदय चालत नसेल तर ते बुकिंग करतानाच सांगावं. ओमाकासेत हे सांगणं कोर्सपेक्षाही गरजेचं, कारण काय येणार ते तुम्हाला काडी समोर आल्यावरच कळतं.

काडीवरचे तुकडे काढून सगळ्यांत वाटून घ्यायचा मोह आपल्याला होतो. तो टाळावा. सुटे झाले की तुकडे निवतात, रस ताटलीत जातो. काडी समोर आली की लगेच, काडीवरूनच खावी. रिकामी काडी शेजारच्या नळकांड्यात टाकायची. पहिल्यांदा मला त्या नळकांड्याचा फार उपयोग झाला, किती झाल्या ते मोजायला.

पोट भरत आलं की एकदम थांबा म्हणण्यापेक्षा "आतो निहोन दे", म्हणजे अजून दोन, असं सांगावं. मग भाजणाराही शेवट नीट जुळवतो. तोवर न आलेलं काही खायची इच्छा असेल तर तेही तेव्हाच विचारा, शिल्लक असेल तर मिळतं. त्यानंतर 'शिमे', म्हणजे शेवटचा भात. कोर्समध्ये तो बहुधा धरलेला असतो, ओमाकासेत वेगळा मागायचा. ओयाकोदोन असेल तर तोच घ्या. ओया म्हणजे आईबाप, को म्हणजे मूल: कोंबडी आणि अंडं एकाच वाडग्यात, अंडं अजून थरथरतंय, खालचा भात वाफाळतोय.