निवृत्त विजेत्याचा उजवा दंड

२०२४च्या जूनमध्ये रॉजर फेडरर अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषणाला उभा राहिला. २०२२च्या सप्टेंबरात लंडनमध्ये शेवटचा सामना खेळून त्यानं टेनिस सोडलं होतं. ‘निवृत्त’ हा शब्दच आपल्याला आवडत नाही, आपण टेनिसमधून ‘पदवीधर’ झालो, असं तो म्हणाला. त्या भाषणातला एक आकडा खूप गाजला: १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले, पण गुण जिंकले ते फक्त ५४ टक्के. आकडा छानच आहे. मी मात्र ती चित्रफीत पाहताना त्याच्या झग्याच्या उजव्या बाहीकडे बघत होते.

कारण चित्रफीत पाठवणाऱ्या मित्रानं खाली लिहिलं होतं, ‘आता बघ, दोन वर्षांत सगळ्या स्नायूंची चरबी होते की नाही!’

हा समज काही केल्या मरत नाही. स्नायूच्या पेशी वेगळ्या, चरबीच्या वेगळ्या. एकीची दुसरी होत नसते. काम उरलं नाही की स्नायूंचे तंतू बारीक होतात, आणि भूक मात्र खेळाडूपणातलीच राहिली तर चरबीच्या पेशी फुगतात. दोन्ही गोष्टी एकाच शरीरात एकाच सुमाराला घडतात, आणि आपण त्यांची सोयरीक जुळवून टाकतो.

खेळ सुटल्यावर शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या गतीनं निवृत्त होतो. सगळ्यात घाई रक्ताला. त्यातला द्रव पहिल्या काही दिवसांतच कमी होतो, मग हृदयाच्या एकेका ठोक्याला थोडं कमी रक्त पुढे जातं आणि दम लवकर लागतो. १९६६ साली डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जेवढी घटवली होती, त्याहून जास्त घट त्या तीन आठवड्यांनी केली होती!

हाताला बसलेलं वळण त्या मानानं चिवट असतं. पण त्याचा उपयोग होईलच असं नाही. ब्यॉन बोर्गनं ११ ग्रँड स्लॅम जिंकून १९८३ साली, विशीतच, टेनिस सोडलं. १९९१ साली तो माँटे कार्लोत परतला तो चक्क लाकडी रॅकेट घेऊन, आणि जॉर्डी अरेसेकडून सरळ सेटमध्ये हरला. हात ओळखीचा होता, पण मधल्या काळात खेळच बदलला होता.

उरलं हाड. आणि मला खरं बोलायचंय ते हाडाबद्दलच.

१९७७ साली ८४ व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरण चित्रं तपासली गेली. दंडाचं हाड म्हणजे एक नळी: बाहेर घट्ट भिंत, आत मज्जेची पोकळी. रॅकेट धरणाऱ्या हातात ही भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांमध्ये सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे २८ टक्के जाड निघाली. टेनिसपटूचा एक हात दुसऱ्याहून जाड दिसतो हे कुणालाही कळतं. रॉड लेव्हरचा डावा हात तर त्यासाठीच प्रसिद्ध होता. पण तो फरक नुसत्या मांसाचा नाही, आतल्या हाडाचाही आहे.

हाडांच्या अभ्यासकांना टेनिसपटू का आवडतात ते यात कळतं. धावपटूची हाडं मजबूत निघाली तर शंका राहते, की धावण्यानं मजबूत झाली, की मुळातच मजबूत असल्यामुळे तो धावपटू झाला? आहार, जनुकं, संप्रेरकं, सगळीच भानगड. टेनिसपटूच्या दोन्ही हातांना मात्र आईबाप एकच, जेवण एकच, रक्त एकच. फरक एवढाच की एका हातानं लाखो वेळा चेंडू मारला आणि दुसऱ्यानं फार तर तो वर उडवला. प्रयोग आणि त्याची तुलना एकाच माणसाच्या दोन खांद्यांना लटकलेली!

आता हाडाला कसं कळतं की आपल्यावर भार येतोय? हाड दगडासारखं मुकं वाटतं, पण त्याच्या भिंतीत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी अक्षरशः चिणलेल्या असतात. हाडातल्या एकूण पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच. प्रत्येक पेशी आपल्या इवल्याशा खोलीत बसलेली, आणि तिचे धाग्यांसारखे हात केसाहून कितीतरी बारीक बोळांमधून शेजारणींच्या हातांपर्यंत पोचलेले. खोल्या आणि बोळ द्रवानं भरलेले असतात. सर्व्हिस करताना दंडाचं हाड पिळलं जातं. किती? हजार भागांत एकदोन भाग, डोळ्याला दिसायचंही नाही. पण ओला स्पंज किंचित दाबला तरी पाणी हलतं, तसा या बोळांतला द्रव दाबाच्या बाजूकडून ताणाच्या बाजूकडे सरकतो आणि पेशींच्या हातांना घासून जातो. पेशीला भार कळतो तो या प्रवाहामुळे.

प्रवाह जाणवला की पेशी काय करते? ती एक लगाम सैल सोडते. एरवी ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत असतात. नवं हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना ते आवरून धरतं. भार आला की त्या जागी स्क्लेरोस्टिन घटतं आणि गवंडी कामाला लागतात, तेही जिथे ताण जास्त आला बरोबर तिथेच. ही युक्ती कळल्यावर स्क्लेरोस्टिनलाच अडवणारं औषधही निघालं. त्याचं नाव रोमोसोझुमॅब. ऋतुनिवृत्तीनंतर हाडं फार ठिसूळ झालेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत २०१९ साली त्याला परवानगी मिळाली.

गंमत पुढेच आहे. वाढत्या वयात नवं हाड मुख्यतः बाहेरच्या अंगाला चढतं, झाडाच्या खोडासारखं. आणि बाहेर चढलेल्या हाडाची किंमत आत भरलेल्या हाडापेक्षा कैक पटींनी जास्त असते. इथे थोडं गणित आहे. घाबरू नका, पाढ्यांपलीकडे फारसं काही नाही.

समजा दंडाच्या हाडाचा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर आणि आतल्या पोकळीचा १०. नळी पिळाला किती विरोध करते ते व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं: बाहेरच्या व्यासाचा चौथा घात, वजा आतल्याचा. १,६०,००० वजा १०,०००, म्हणजे १,५०,०००. आता आतली पोकळी पूर्ण बुजवून टाका. हाडाचा माल एक तृतीयांशानं वाढला, पण विरोध झाला १,६०,०००. वाढ सात टक्केसुद्धा नाही. त्याऐवजी बाहेरून चहूकडे फक्त एक मिलिमीटरचा थर चढवा. व्यास झाला २२. माल वाढला २८ टक्के, म्हणजे मघापेक्षा कमीच. पण विरोध होतो २,२४,२५६, जवळजवळ ५० टक्के जास्त! कमी सिमेंटात जास्त मजबुती. मज्जेला जागा राहते ती वेगळीच.

आणि म्हातारपणी हाड झिजतं ते मुख्यतः आतून. पोकळी रुंदावत जाते, बाहेरची कड बरीचशी जागच्या जागी राहते. आपल्या २२ मिलिमीटरच्या हाडाची पोकळी १० वरून १२ झाली असं धरा. साडेअकरा टक्के माल गेला, पण पिळाचा विरोध पाच टक्केही घटला नाही. तारुण्यात बाहेर बांधलेली भिंत अशी उतारवयात उपयोगी पडते.

हे कागदावरचं. प्रत्यक्षातला पुरावा अमेरिकी बेसबॉल खेळाडूंच्या फेकणाऱ्या दंडांतून आला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेळ सोडून कित्येक दशकं झालेल्या म्हाताऱ्या खेळाडूंचे दोन्ही दंड मोजले होते. फेकण्यामुळे हाडाला मिळालेल्या जादा आकारापैकी निम्मा आणि जादा ताकदीपैकी एक तृतीयांश भाग आयुष्यभर टिकला होता. माझ्या गणितापेक्षा हे कमी आहे, कारण खरं हाड आतून बरंच जास्त पोखरलं जातं आणि उरलेली भिंतही सच्छिद्र होत जाते. तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या मेहनतीचा तिसरा हिस्सा अजून हातात असणं काही थोडं नाही. दम तर तीन आठवड्यांत गेला होता!

यात एक अट आहे, आणि ती वयाची. टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या फिनलंडमधल्या स्त्रियांच्या १९९५च्या अभ्यासात दिसलं, की पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांच्या हातातला फरक, नंतर सुरुवात केलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता. बाहेरून थर चढवण्याची सोय शरीर त्या वयातच सढळ हातानं देतं.

हाडाला रटाळपणाही चालत नाही. पंधरावीस धक्क्यांनंतर पेशी जणू ऐकेनाशा होतात. उंदरांना रोज फक्त पाच उड्या मारायला लावल्या तरी त्यांची हाडं जाड झाली. उड्या कित्येक पटींनी वाढवल्यावर फायदा त्या प्रमाणात वाढला नाही. मधे विश्रांती दिली की पेशी पुन्हा कान टवकारतात. आता टेनिस आठवा: वेगवान, वेडेवाकडे, दरवेळी निराळे फटके, आणि दोन गुणांच्या मधे नियमानंच दिलेले २५ सेकंद. हाडासाठीच कुणी खेळ रचायला बसलं असतं तर असाच काहीतरी रचला असता. उलट पोहणं आणि सायकल हृदयाला कितीही चांगली असली, तरी हाडाला त्यात धक्काच बसत नाही. अव्वल सायकलपटूंची हाडं बरेचदा कमकुवत निघतात.

सगळेच अवयव असे कृतज्ञ नसतात म्हणा. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, बघा. तिला रक्तवाहिन्या नाहीत, डागडुजी जवळपास नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जादा किरणोत्सारी कार्बन पसरला होता. त्याच्या खुणा शोधून २०१६ साली दाखवलं गेलं, की प्रौढ माणसाच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरणारं प्रथिन, हे वाढीच्या वयात बनलेलंच असतं, पुढे नवं जवळजवळ येत नाही. फेडररच्या गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. अँडी मरेनं २०१९ साली खुब्यात धातू बसवून घेतला, त्याच वर्षी अँटवर्पची स्पर्धा जिंकली आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर थांबला.

धातूवरून आठवलं. सांधेदुखीवर तांब्याची कडी आणि चुंबकाचे पट्टे घालणाऱ्यांनी मनगटावर दागिना म्हणून ते खुशाल घालावेत. संधिवाताच्या रुग्णांवर त्यांची नीट चाचणी झालेली आहे, आणि खोट्या कड्यापेक्षा खरं कडं तसूभरही सरस ठरलं नाही. माजी विजेत्यानं जाहिरातीत हातात धरलेल्या हाडं मजबूत करणाऱ्या डब्याचंही तेच. त्याचं हाड त्या डब्यातून आलेलं नाही, दहाव्या वर्षीच्या फोरहँडमधून आलंय.

मग खेळ सोडल्यावर हे लोक करतात काय? पुष्कळजण गोल्फकडे वळतात, आणि ही जुनीच रीत आहे. १९३२चा विम्बल्डन विजेता एल्सवर्थ व्हाइन्स पुढे व्यावसायिक गोल्फर झाला. १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डन जिंकणारी अल्थिया गिब्सन १९६४मध्ये स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये उतरली. अ‍ॅश बार्टीनं २०२२च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि मार्चमध्ये, पंचविसाव्या वर्षी, जगात पहिल्या क्रमांकावर असताना टेनिस सोडलं. त्याआधीही एकदा टेनिसमधून सुट्टी घेऊन तिनं ब्रिस्बेन हीट या संघासाठी क्रिकेट खेळून पाहिलं होतं. पहिल्याच सामन्यात २७ चेंडूंत ३९. निवृत्तीनंतर तिच्या हाती गोल्फची काठी आली. टेनिसची सर्व्हिस, क्रिकेटचा फटका, गोल्फचा स्विंग: तिन्हींत जोर जमिनीपासून सुरू होऊन पाय, कंबर, खांदा असा चढत शेवटी हातात येतो. ते वळण एकदा अंगात मुरलं की काठी कुठलीही चालते.

गोल्फनं पंचविशीनंतर नवा थर फारसा चढणार नाही. पण त्या बेसबॉलच्या अभ्यासात आणखी एक बारीक निरीक्षण होतं: जे म्हातारपणीही फेकत राहिले त्यांच्या हाडाची पोकळी कमी रुंदावली. म्हणजे हात हलता ठेवला तर आतली झीज तरी हळू होते.

राफाएल नदाल तेवढा या सगळ्यात घोळ घालतो. तो लिहितो उजव्या हातानं, टेनिस खेळला डाव्या हातानं. २०२४च्या नोव्हेंबरात मालागात थांबल्यावर त्याला वेळ मिळतोय त्या गोल्फमध्ये तो उजव्या बाजूनं खेळतो. आता त्याच्या डाव्या दंडातलं एवढं हाड बेकार बसणार का? नाही बसणार. उजव्या बाजूनं गोल्फ खेळणाऱ्याचा स्विंग पुढून ओढून नेणारा हात डावाच असतो.