चांदवेलीचा हात उजवा

माघ-फाल्गुनात इंदूरहून सांवेरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहूच गहू दिसतो. कुठल्याही बांधाशी खाली वाकून पाहा, गव्हाच्या काडीला विळखा घालत वर निघालेली एखादी नाजूक वेल सापडतेच. पानं बाणाच्या टोकाची, फुलं पांढरी किंवा फिकट गुलाबी, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारी. आसपासचे शेतकरी तिला हिरनखुरी म्हणतात, आपल्याकडे चांदवेल किंवा हरणखुरी. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्व्यूलस आर्व्हेन्सिस. मूळची युरोप-आशियातली ही वेल आता जगभरातल्या शेतांत तण म्हणून बदनाम आहे.

तिचे विळखे मात्र नीट बघण्यासारखे आहेत. उजव्या हाताची मूठ वळा आणि अंगठा वर करा. बोटं ज्या दिशेने वळतात, त्याच दिशेने चांदवेल काडीभोवती वर चढते. हाच उजवा पीळ. समोरून पाहिलं तर खोड डावीकडून खालून उजवीकडे वर जाताना दिसतं. शेत बदला, गाव बदला, देश बदला, दिशा तीच. वेल हलक्या हाताने सोडवून उलट्या दिशेने गुंडाळली तरी वाढणारा शेंडा ती चूक मान्य करत नाही, तो पुन्हा आपल्याच दिशेने फिरू लागतो.

गणपतीच्या उजव्या-डाव्या सोंडेवर आपण घरोघरी चर्चा करतो, पण कुंपणावरची वेल उजवी की डावी, हे सहसा कुणी पाहत नाही. पाहिलं तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. उजव्या वेलीच जास्त, आणि त्याही थोड्याथोडक्या नव्हे. विल एडवर्ड्स, अँजेला मोल्स आणि पीटर फ्रँक्स यांनी 2007 साली दोन्ही गोलार्धांतल्या वेलींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी तपासलेल्या वेटोळ्या खोडांपैकी सुमारे 92 टक्के उजव्या पिळाची निघाली. वेल सूर्याच्या मागे फिरते म्हणून तशी वळते, हा समज फार जुना. तो खरा असता तर विषुववृत्ताच्या दक्षिणेला वेली उलट वळल्या असत्या. तिथेही त्या उजव्याच आहेत. बेसिनमधल्या पाण्याच्या भोवऱ्यासारखी गोलार्धाची गंमत इथे नाही (खरं तर बेसिनमध्येही नसते, पण ते राहू दे).

मग वेल वळते कशी? इथे चार्ल्स डार्विन आठवावाच लागतो. आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेल्या या माणसाने जवळ कुंडीतली हॉपची (बिअरमध्ये घालतात त्या हॉपची) वेल ठेवली आणि तिचा शेंडा तासन् तास पाहत बसला. शेंडा स्थिर नव्हता, हवेत गोल फिरत होता. गरम हवेत, दिवसा, हॉपच्या शेंड्याला एका फेरीला सरासरी 2 तास 8 मिनिटं लागत. सेरोपेजिया वंशातल्या एका वेलीचा शेंडा तर 5 फुटांहून जास्त व्यासाचं वर्तुळ काढत होता, ताशी 32-33 इंचांच्या वेगाने. हा तोच वंश, ज्यातल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांसाठी सह्याद्रीत लोक पावसात कडे चढतात. डार्विनने हे सगळं 1865 साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

त्याच्या निरीक्षणातली मोलाची गोष्ट वेगळीच आहे. काकडी, दोडका, द्राक्ष यांच्या तणाव्यांना, म्हणजे आधाराला गुंडाळणाऱ्या दोऱ्यांसारख्या भागांना, स्पर्श कळतो. काडीला टेकला की तणावा त्या बाजूला वाकतो. चांदवेलीसारख्या वेटोळ्या वेलीचं खोड मात्र स्पर्शावर अवलंबून नसतं. ते फिरतच असतं. वाटेत काडी आली की टेकलेला भाग अडतो, त्याच्या पुढचा शेंडा फिरतच राहतो आणि त्या फिरण्यातूनच काडीभोवती विळखा पडतो. थोडक्यात, वेल आधार धरत नाही, तिचं फिरणं आधारावर अडखळतं. माझ्या मते वेलींबद्दलच्या साऱ्या माहितीत याच्याइतकं सुंदर वाक्य दुसरं नाही. वेल आधार शोधते, आधाराला बिलगते, ही आपली भाषा तिच्यासमोर भाबडी ठरते.

फिरण्याची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. शेंड्याची एक बाजू क्षणभर जास्त वाढते, त्यामुळे तो दुसऱ्या बाजूला झुकतो. मग जास्त वाढणारा पट्टा खोडाभोवती सरकत जातो आणि झुकावही त्याच्याबरोबर फिरतो. यात गुरुत्वाकर्षणाची जाणीव लागते, हे जपानमधल्या एका कुंडीतल्या रोपाने सिद्ध केलं. तिथे असागाओ, म्हणजे आपल्याकडच्या काळादाण्याची वेल, शतकानुशतकं हौसेने जोपासली जाते. तिचा एक खाली लोंबणारा वाण आहे, जो कुठेच चढत नाही. त्याच्या खोडात गुरुत्व ओळखणाऱ्या पेशींचा थर नीट तयार होत नाही, म्हणून तो ना गोल फिरू शकत, ना वेटोळं घालू शकत. 2005 साली हे जनुकापर्यंत शोधून दाखवण्यात आलं. वर कुठे आणि खाली कुठे, हे ज्याला कळत नाही त्याला चढता येत नाही.

उजवा-डावा ठरतो कुठे, याचा एक धागा पेशींच्या आतल्या सूक्ष्मनलिकांपर्यंत जातो. पेशीची भिंत कोणत्या दिशेला ताणायची, हे या नलिकांच्या मांडणीवर ठरतं. प्रयोगशाळेत वापरली जाणारी अॅराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती मुळात वेल नाही. पण 2002 साली जपानच्या नारा इथल्या संशोधकांनी तिच्यातल्या नलिकांच्या प्रथिनात एकेक बारीक बदल झालेली रोपं अभ्यासली, आणि ती सगळ्या अंगाने डावीकडे पिळली गेली होती. एका प्रथिनातली एक कडी बदलली की अख्खं झाड पीळ घेतं.

वेटोळं घालणं हे एकाच कुळाचं गुपित नाही. सपुष्प वनस्पतींत ही युक्ती कितीतरी कुळांनी स्वतंत्रपणे शोधली. गोकर्ण आणि वाल शेंगांच्या कुळातले, गुळवेल वेगळ्याच कुळातली, हॉप भांगेच्या कुळातला. युरोपातल्या शेतांत ‘काळी चांदवेल’ म्हणावी अशी एक वेल वाढते, पानंही तशीच बाणासारखी, आणि तीही वेटोळं घालणारी. पण ती बकव्हीटच्या, म्हणजे उपासाच्या कुट्टूच्या कुळातली. फूल पाहिलं की फरक लगेच कळतो.

आणि इंदूरकरांना सांगायलाच हवं असं एक उदाहरण सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात मिळतं. थंडीत रात्री तिथे गराडू तळला जातो, वर जिरावन मसाला आणि लिंबू. तो डायोस्कोरिया अलाटा या वेटोळ्या वेलीचा कंद. (कच्चा सोलताना हात का खाजतात, हे घरी करून पाहिलेल्यांना विचारावं.) याच वंशातला आपल्या ओळखीचा दुसरा भाऊ म्हणजे कारंदा, ज्याला वेलीवरच बटाट्यासारखे गोळे लटकतात. गंमत अशी, की गराडू आणि कारंदा हे सख्खे नातलग एकमेकांच्या उलट दिशांना वळतात. या वंशात पिळाची दिशा जाती ओळखण्याची खूण मानली जाते. कारंद्याकडे आणखी एक कसब आहे. नुसतं गुंडाळलेलं खोड घसरू शकतं, म्हणून त्याच्या पानांच्या बुडाशी असलेली उपपर्णं खोडाला आधारापासून किंचित बाहेर ढकलतात. त्यामुळे खोड ताणलं जातं आणि फास आवळतो. 2009 साली ही गोष्ट मोजून दाखवली गेली.

तरीही या युक्तीला एका कुळाने जितकं कवटाळलं तितकं क्वचितच कुणी, ते म्हणजे चांदवेलीचं कुळ, कॉन्व्होल्व्ह्युलेसी. यात पन्नासहून जास्त वंश आहेत आणि दीड हजारांहून जास्त जाती. श्रावणात बंगल्यांच्या फाटकांवर लाल चांदण्या फुलवणारी गणेशवेल यातली, समुद्रकिनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल यातली, काळादाणा आणि समुद्रशोक यातलेच. पाच पाकळ्या जोडून झालेला फनेल, कळीत तो छत्रीसारखा पिळून मिटलेला, आणि बहुतेकांच्या खोडात दुधाळ चीक, ही कुळाची ओळख. चांदवेलीच्या फुलात तळाशी मधापर्यंत जाणाऱ्या पाच अरुंद वाटा असतात, माशीला एकेक वाट वेगळी तपासावी लागते. तेवढ्यात परागाचं काम होऊन जातं.

या कुळाचं सर्वांत जवळचं मोठं कूळ म्हणजे बटाटा-वांगी-टोमॅटोचं. एकादशीच्या ताटात रताळं आणि बटाटा शेजारी येतात, ते वनस्पतिशास्त्रातही शेजारीच. फरक असा, की बटाटा हे जमिनीतलं खोड आणि रताळं हे फुगलेलं मूळ. रताळ्यात आणखी एक नवल आहे. 2015 साली लागवडीतले 291 नमुने तपासले, तेव्हा त्या सर्वांत अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचे जनुक आढळले. जनुकबदल केलेल्या पिकांवर वाद घालणारे आपण निसर्गानेच जनुक बदललेलं पीक पिढ्यान्पिढ्या उपासाला खात आलो आहोत.

रताळ्याची वेल चढण्यापेक्षा जमिनीवर पसरते. कुळातल्या काहींनी तर वेटोळं पार सोडून दिलं. विष्णुक्रांता जमिनीला चिकटून राहते. नाल्यांच्या आणि तळ्यांच्या कडेला माळव्यात माजलेला बेशरम सरळ झुडूप होऊन उभा राहतो. अमेरिकेतून आलेला हा पाहुणा तोडलेल्या तुकड्यातूनही रुजतो, आणि शेळ्यांनी सतत खाल्ला तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. ते विष झाड स्वतः करत नाही, त्याच्या आत राहणारी बुरशी करते. फुलं मात्र पाहा, तोच फनेल.

अमरवेलीने उलटी वाट धरली. तिने वेटोळं ठेवलं आणि बाकी सगळं सोडलं, पानं, जमिनीतलं मूळ, जवळपास सगळं हरितद्रव्यही. बोरीवर किंवा डुरांटाच्या कुंपणावर पडलेलं तिचं पिवळं जाळं आपण पाहतोच. बी रुजल्यावर काही दिवसांत यजमान झाड मिळालं नाही तर ती मरते, म्हणून तिला चुकून चालत नाही. 2006 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात अमरवेलीच्या एका जातीची कोवळी रोपं टोमॅटोच्या नुसत्या वासाच्या दिशेने वाढली. गहू आणि टोमॅटो असे दोन पर्याय दिले तर ती टोमॅटोकडे वळली. म्हणजे वर ज्या भाषेला मी भाबडी म्हटलं, ती कुळातल्या या एका सदस्याला बऱ्यापैकी लागू पडते.

चांदवेलीला गहू चालतो, तोही फक्त खांब म्हणून. लाकूड बनवण्याचा खर्च वाचवून ती सगळं अन्न लांबी वाढवण्यात घालते आणि दुसऱ्याच्या ताठपणावर उन्हापर्यंत पोचते. काडी जितकी बारीक तितका विळखा पक्का, जाड बुंध्यावर तो टिकत नाही. दाट वाढलेली वेल गहू आडवा पाडते आणि कापणीला यंत्रात गुंतते.

वरच्या विळख्यांचा बंदोबस्त खुरप्याने होतो, खरी अडचण मुळांची. ती कित्येक मीटर खोल जातात, तुटलेल्या तुकड्यातूनही नवं रोप उगवतं आणि बी जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतं. त्यामुळे नांगर फिरवला की कधीकधी एका वेलीच्या दहा होतात. 2,4-डी सारखं तणनाशक मारलं की पानं जळतात, खालचं मूळ पुष्कळदा पुन्हा फुटतं. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात याच इंदुरात, आज कृषी महाविद्यालय आहे त्या परिसरात, शेतातला सगळा पालापाचोळा खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. त्या ढिगात टाकायला चांदवेलीची पानं आणि कोवळी खोडं उत्तम. मुळं मात्र आधी चैत्राच्या उन्हात दगडावर पसरून खडखडीत वाळवावीत, आणि बी धरलेली वेल ढिगात घालूच नये, तिचं टणक बी ढिगाच्या उष्णतेतही तगू शकतं.