मालव्याच्या चित्रांतले खेड्यातले घर

इंदूरच्या चित्रकारांचा विषय निघाला की बोलणे बहुतेक निसर्गचित्रांवरच थांबते. पण याच गावच्या चित्रशाळेत शिकलेल्यांनी खेड्यातली आई, तिच्या कडेवरचे मूल, गाय-वासरू हे विषयही आधुनिक भारतीय चित्रकलेत मानाने आणले.

साध्या माणसांचे रोजचे जगणे रंगवण्याची रीत युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात रुजली. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगलच्या १५६० मधल्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रात दोनशेहून अधिक मुले आहेत. त्यात आंधळी कोशिंबीर आहे, आपल्या सागरगोट्यांचा भाऊ शोभेल असा हाडकांचा खेळही आहे. पुढच्या शतकातल्या डच चित्रांत मात्र शेतकरी पुष्कळदा दारू आणि भांडणात बुडालेला दिसतो. ही चित्रे विकत घेणारा शहरातला होता, आणि त्याला हसायचे होते.

ही नजर बदलली ती माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मिले या फ्रेंच चित्रकारामुळे. तो स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. ‘पहिली पावले’ या त्याच्या चित्रात बाप हातातली कुदळ बाजूला टाकून, गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरतो आणि आई तान्ह्याला धरून त्याच्याकडे सोडते आहे. मागे परसबाग. काम अर्धे टाकून लेकराकडे वळलेला बाप मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्याने दाखवले. १८९० च्या जानेवारीत, भावाच्या घरी पाळणा हलणार होता तेव्हा, व्हॅन गॉगने याच चित्रावरून आपले चित्र केले.

आपल्याकडे राजा रवि वर्मांच्या १८९३ मधल्या ‘बाबा आले’ या चित्रात आई आणि मूल आहेत, पण ते घर केरळातले, सुखवस्तू. शेतीमातीतले कुटुंब तिथे नव्हते.

इंदूरची चित्रशाळा १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी उभी केली. देवळालीकर विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर, उघड्यावर रंगवायला लावत. त्या शिकवणीचे मोल मला फार वाटते: उन्हात बसून रंगवणाऱ्याला झाडासोबत झाडाखालची माणसेही दिसतातच. इंदुरात जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे आणि पंढरपूरहून इथे आलेले मकबूल फिदा हुसेन, दोघेही याच शाळेत शिकले. १९५५ मध्ये ललित कला अकादमीने दोघांनाही गौरवले. बेंद्र्यांच्या ‘काटा’मध्ये पायात रुतलेला काटा काढण्याचा रोजचाच प्रसंग आहे, हुसेनच्या ‘जमीन’मध्ये गावाचे सगळे जगणे. हुसेनची आई तो दोन वर्षांचाही नसताना गेली. त्याच्या चित्रांतल्या अनेक आयांना चेहरा नाही.

बेंद्रे १९५० पासून वडोदऱ्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवू लागले आणि १९६६ मध्ये तिथून बाहेर पडले. घनवाद (आकार भौमितिक तुकड्यांत मोडून मांडण्याची रीत) आणि अमूर्त शैली हाताळून झाल्यावर ते पुन्हा गावच्या बायका आणि आई-मुलाकडेच वळले. ही चित्रे त्यांनी रंगाचे बारीक ठिपके देत घडवली.