हँडहेल्ड गेमिंग पीसी: वॅटचा हिशेब आणि विंडोजला दिलेला फाटा

हातात मावणारा पूर्ण संगणक बनवण्याचे प्रयत्न व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्ड गेमिंग पीसीच्या बरेच आधीपासून सुरू होते. २००६ च्या सुमारास आलेले चिमुकले विंडोज संगणक कामकाजासाठी होते आणि खिशाला जड होते. २०१६ मध्ये लोकवर्गणीतून साकारलेल्या जीपीडी विनमध्ये साडेपाच इंची पडदा, कीबोर्ड आणि जॉयस्टिक एकत्र आले खरे, पण त्यातील ॲटम प्रोसेसरला जुन्या किंवा हलक्या गेमपलीकडे फारसे काही पेलत नव्हते. पुढे लॅपटॉपच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स सुधारले आणि अशा यंत्रांची संख्या वाढली. तरीही त्यांचे ग्राहक मोजके, हौशी आणि सेटिंगशी झटापट करण्यातच रमणारे राहिले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक लोकांच्या हाती पडू लागला, तेव्हा त्यातील आकडे कागदावर बेताचेच दिसत होते: सात इंची पडदा, १२८० बाय ८०० पिक्सेल, १६ जीबी मेमरी, ४ ते १५ वॅटमध्ये चालणारी चिप आणि ४० वॅट-अवरची (म्हणजे ४० वॅट तासभर पुरवू शकणारी) बॅटरी. पडद्याच्या कमी पिक्सेलवर तेव्हा बरीच टीका झाली. प्रत्यक्षात तोच त्या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण फुल एचडी पडद्याला प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे एकामागोमाग दिसणाऱ्या प्रत्येक चित्रात, त्याच्या दुप्पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि १५ वॅटच्या चिपला तो भार झेपला नसता.

खरा वाद झाला तो कार्यप्रणालीवरून. बहुतेक पीसी गेम विंडोजसाठी लिहिलेले असताना विंडोजलाच फाटा देऊन लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस निवडणे अनेकांना आततायीपणाचे वाटले, आणि त्या शंकेला आधार होता. व्हॉल्व्हच्याच पुढाकाराने २०१५ मध्ये बाजारात आलेली स्टीम मशिन्स ही गेमिंग यंत्रे लिनक्सवर पुरेसे गेम चालत नसल्यामुळे मागे पडली होती. दरम्यानच्या काळात बदलले ते एवढेच, की २०१८ मध्ये प्रोटॉन हा सॉफ्टवेअरचा थर आला. हा थर विंडोजच्या गेमने केलेल्या मागण्या चालता चालता लिनक्सला समजतील अशा रूपात आणतो आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतील सूचना व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्स-भाषेत उतरवतो. प्रोसेसर त्याच जातीचा असल्याने संपूर्ण यंत्राची नक्कल करावी लागत नाही, त्यामुळे वेगाचे नुकसान अपेक्षेपेक्षा बरेच कमी होते.

या निर्णयाचे फळ दिसते ते एका बटणात. गेम ऐन रंगात असताना पॉवरचे बटण दाबावे, यंत्र बाजूला ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच बटण दाबताच काही क्षणांत नेमक्या त्याच जागी परत यावे, ही सोय कन्सोलवाल्यांना नवी नव्हती, पण पीसीवाल्यांना होती. २०२३ मध्ये आलेल्या, इतर कंपन्यांच्या आरओजी अ‍ॅलाय आणि लीजन गो यांच्याकडे अधिक ताकदीची चिप व अधिक रेखीव पडदे होते. मात्र त्यांवरील विंडोज माउससाठी घडलेली होती. बोटाने टास्कबारवरची इवलीशी खूण टिपायची, मध्येच उगवलेली अपडेटची सूचना बाजूला सारायची आणि झोपवलेले यंत्र बॅगेत आपोआप जागे तर झाले नाही ना, याची धाकधूक बाळगायची, हे सगळे गेम सुरू होण्याआधीच आले. विंडोजमध्ये हँडहेल्डसाठी पूर्ण पडदा व्यापणारी वेगळी मांडणी मिळायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीच्या लीजन गो एसवर स्टीमओएस अधिकृतपणे आली होती, हे त्यासोबत लक्षात घ्यावे.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र आजही खोडता येत नाही, आणि तो म्हणजे अँटी-चीट. फसवणूक पकडणाऱ्या दोन प्रमुख प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा दिला, पण तो सुरू करायचा की नाही हे गेम बनवणाऱ्यांवर सोपवले. काहींनी तो सुरूच केला नाही. एपेक्स लेजंड्स या ऑनलाइन गेमने तर लिनक्सवाल्यांना दिलेली वाट २०२४ मध्ये बंद केली, आणि लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा फसवणूक करणाऱ्यांना होतो, असे कारण दिले. विकत घेताना चालणारा गेम उद्या चालेलच याची हमी त्यामुळे उरत नाही. स्पर्धात्मक ऑनलाइन गेम हाच ज्याचा मुख्य छंद आहे, त्याला विंडोजचे यंत्र घेण्यावाचून फारसा पर्याय नसतो.

वॅटची मर्यादा मात्र दोन्ही बाजूंना सारखीच आहे. चिप १५ वॅट घेत असेल, तर पडदा, पंखा, मेमरी वगैरे धरून मूळ डेकची एकूण गरज २५ वॅटच्या आसपास जाते आणि ४० वॅट-अवरची बॅटरी दीड-पावणेदोन तासांत मान टाकते. हलका द्विमितीय गेम त्याच बॅटरीवर सहज चारपट चालतो. मोठी बॅटरी म्हणजे मनगटावर अधिक भार, आणि मूळ डेकच मुळी ६६९ ग्रॅमचा होता. २०२३ च्या ओएलईडी आवृत्तीने बॅटरी ५० वॅट-अवरवर नेऊन वजन ६४० ग्रॅमवर आणले, ही कारागिरी वाखाणण्याजोगी. पण चिपचा वेग जवळपास पूर्वीइतकाच राहिला.

या ओढाताणीतून वापरणाऱ्यांनी काढलेली तडजोड म्हणजे सेकंदाला ४० फ्रेमची. सेकंदाला ३० फ्रेम असताना एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० असताना १६.७, ४० फ्रेमला हा काळ २५ मिलिसेकंद, म्हणजे दोहोंच्या बरोबर मध्यावर येतो. पडद्याचा रिफ्रेश दरही (तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते) ४० हर्ट्झवर आणला की हालचाल ३० पेक्षा स्पष्टपणे सफाईदार दिसते, आणि ६० फ्रेमसाठी धापा टाकणारा पंखा शांत होतो.