माइक बंद करायचा कोणी?

२७ जून २०२४ ला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प वादसभेला उभे राहिले, तेव्हा दोघांना पेन, कागद आणि पाण्याची बाटली एवढंच मिळालं होतं. समोर प्रेक्षक नाहीत, लिहून आणलेली टिपणं चालणार नाहीत, पाळी नसली की माइक बंद. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेलाही इतका काच नसतो.

या सगळ्याचं मूळ अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यात आहे. वाहिनीने एका उमेदवाराला वेळ दिला तर त्याच पदाच्या बाकीच्यांनाही तेवढीच संधी द्या, असं त्याचं कलम ३१५ सांगतं. हेतू चांगलाच, पण अमेरिकेत अध्यक्षपदाला हौशे-नवशेही भरपूर, त्यामुळे वाहिन्या वादसभेच्या वाटेलाच जाईनात. १९६० मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्या निवडणुकीपुरतं हे कलम बाजूला ठेवलं आणि केनेडी-निक्सन चार वेळा समोरासमोर आले. पुढच्या तीन निवडणुका मात्र कोरड्या गेल्या. कायद्याची अडचण होतीच, पण आघाडीवरच्या उमेदवाराला ती सोयीचीही होती.

१९७५ मध्ये वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी दळणवळण आयोगाने वाट काढली. वादसभा तिसऱ्याच कुणी भरवायची, वाहिन्यांनी ती बातमी म्हणून दाखवायची. मग समान वेळेचं बंधन नाही. ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही मतदारांसाठी काम करणारी संस्था पुढे आली. २३ सप्टेंबर १९७६ ला फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात फोर्ड-कार्टर यांची सभा रंगात असताना आवाजच गेला. तब्बल २७ मिनिटं देशाचे अध्यक्ष आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आपापल्या जागी मुकाट उभे. एकमेकांशी चार शब्द बोलावेत, तेही नाही. न जाणो, कॅमेऱ्यात काय दिसेल!

लीगला खरा त्रास झाला तो उमेदवारांचाच. १९८० मध्ये जनमत चाचण्यांत १५ टक्के पाठिंब्याची अट पार करून अपक्ष जॉन अँडरसन आत आले, तर तेव्हाचे अध्यक्ष कार्टर पहिल्या सभेला फिरकलेच नाहीत. १९८७ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांनी मिळून वादसभा आयोग काढला. पुढच्याच वर्षी बुश आणि डुकाकिस या उमेदवारांच्या माणसांनी सभेच्या नियमांचा आपसात १६ पानी करार करून तो लीगपुढे ठेवला. ही मतदारांची फसवणूक आहे असं सांगून लीगने अंग काढून घेतलं. २००४ पर्यंत हा करार ३२ पानांचा झाला. मतदाराला दोघांची तुलना करता यावी म्हणून सुरू झालेल्या सभेचे नियम आता ज्यांची तुलना करायची तेच लिहीत होते.

२०२० मध्ये पहिल्या सभेत इतकी तोंडातोंडी झाली, की शेवटच्या सभेत आयोगाने प्रत्येकाच्या दोन मिनिटांच्या उत्तरापुरता दुसऱ्याचा माइक बंद ठेवला. २०२४ मध्ये दोन्ही गोटांनी आयोगालाच वगळलं आणि थेट सीएनएन वाहिनीशी बोलणी केली. वाहिनीनेही अट ठेवली तीच: १५ टक्के, चार चाचण्यांत. केनेडींचे पुतणे, अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्याकडे अशा तीनच चाचण्या होत्या.