पास्काची रात्र आणि रायतूरचे पुराण

ईस्टरला गोव्यात ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला असला तरी त्याचे मूळ हिब्रू ‘पेसाख’मध्ये आहे. इजिप्तच्या गुलामीतून ज्यू सुटले, त्या रात्रीचा तो सण. येशूला क्रुसावर दिले तेही याच सणाच्या दिवसांत. त्यामुळे दास्यातून सुटल्याची गोष्ट आणि येशू मेलेल्यांतून उठून त्याचे थडगे रिकामे सापडल्याची गोष्ट पहिल्यापासूनच एकमेकींत गुंतल्या. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार हे ईस्टरचे गणित इ.स. 325मध्ये निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेनंतर रूढ झाले. आपल्याकडे मग बहुधा शिगम्याची नाहीतर हनुमान जयंतीची पौर्णिमा सरली की पास्क येते.

सुटका कशापासून, याचे उत्तर आद्य ख्रिस्ती प्रचारक संत पॉलच्या पत्रांत आहे: पाप आणि मरण या दोन धन्यांपासून. ख्रिस्त उठलाच नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असे तो करिंथच्या मंडळीला सरळ ऐकवतो. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस मरतो आणि ख्रिस्ताबरोबर नवा उठतो, असे तो मानतो. पास्काच्या रात्री बाप्तिस्मा देण्याची जुनी रीत याच समजुतीवर उभी राहिली.

हे सगळे मराठीत सांगायची वेळ आली ती दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. इंग्लंडातून निघालेला जेझुइट, म्हणजे येशूसंघी पाद्री, थॉमस स्टीफन्स 1579मध्ये गोव्यात उतरला आणि 1616मध्ये रायतूरला, म्हणजे आजच्या राशोलला, त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले. दहा हजारांहून अधिक ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या चार ओळी आपण सगळेच भाषणांत वापरतो; बाकीचे पुराण उघडतो कोण! खरे तर सुरुवातीचा प्रसंगच वाचण्यासारखा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची पहिली पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी का देत नाही? सगळा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

प्रश्न बोचरा होता, कारण काळच तसा होता. 1560मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले, 1567मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. साष्टीतल्या केळशीची शांतादुर्गा फोंड्याजवळच्या कवळ्याला गेली, ती त्याच धामधुमीत. आत्म्याची मुक्ती सांगणारे आणि बाहेर बळ वापरणारे एकाच झेंड्याखाली आले होते, आणि ही अडचण कोणत्याही भक्तिभावाने झाकता येत नाही. आपली पोथी गेल्यावर ओवी मागणारा तो माणूस मला म्हणूनच पाद्रीबाबांपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

स्टीफन्सपुढचा पेच शब्दांचाही होता. आपल्या कानांना मुक्ती म्हणजे जन्ममरणाचा फेरा चुकणे. त्याला सांगायचे होते ते वेगळेच: फेरा मुळी नाहीच, जन्म एकच, मरणही एकच, आणि शेवटी देहासकट उठणे. तरीही त्याने ओवी आपलीच घेतली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. शब्द ओळखीचे, अर्थ नवा. कोकणीत आज येशू ‘पुनर्जिवंत’ झाला म्हणतात आणि मराठी बायबलात ‘पुनरुत्थान’ आहे. पुनर्जन्माशी गल्लत होऊ नये एवढी काळजी दोन्हींत दिसते.

पास्काचा जागर, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना, कित्येक शतके शनिवारी सकाळीच उरकला जाई. बारावे पोप पायस यांनी 1951मध्ये तो पुन्हा रात्री आणला, आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लॅटिनच्या जागी कोकणी आली. आता शनिवारी रात्री इगर्जीसमोर, म्हणजे चर्चसमोर, शेकोटी पेटते. मोठ्या मेणबत्तीवर पाद्री त्या वर्षाचे आकडे कोरतात आणि धुपाचे पाच दाणे खोचतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. मग अंधाऱ्या इगर्जीत एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटत जाते. तांबडा समुद्र दुभंगून गुलाम पार झाले, तो उतारा वाचला जातो. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला एकदम वाजू लागतात. ती मोठी मेणबत्ती पुढचे पन्नास दिवस वेदीशेजारीच उभी असते.